अमळनेरचा कॉम्प्युटर: दुसरं आरएक्स ५८० की एकच नवं कार्ड?

प्रश्न असा होता. घरी आरएक्स ५८० हे ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारं कार्ड, चालू स्थितीत आहे. सुरतेला मावसभावाच्या ओळखीत तसंच दुसरं साडेपाच हजारांत मिळतंय. ते आणून दोन्ही कार्डं एकाच कॉम्प्युटरात बसवायची, की तोच पैसा बाजूला ठेवून, त्यात भर घालून एकवीस हजारांचं एकच नवं कार्ड घ्यायचं?

विचारणारा अमळनेर तालुक्यातला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. २०२४ च्या मे महिन्यात तो वडिलांना सोबत घेऊन, कॅबिनेट गोधडीत गुंडाळून जळगावला आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानी आला. त्याच्या मनात निर्णय झालेलाच होता. "भाऊ, फक्त एसएमपीएस कोणता टाकू तेवढं सांगा," एवढंच त्याचं म्हणणं. (एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.) पैसे देणारे त्याचे वडील, नाना, मात्र गप्प बसून ऐकत होते, आणि खरा प्रश्न शेवटी त्यांनीच विचारला.

मशीन आणि तक्रार

रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा लहान आकाराचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, एसएसडी, ५५० वॉटचा बऱ्या कंपनीचा एसएमपीएस, ६०० व्हीएचा यूपीएस आणि ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा) फुल एचडी मॉनिटर. पाचेक वर्षांपूर्वी विचार करून जोडलेलं मशीन, कुठे वायफळ खर्च नाही.

तक्रारी दोन होत्या. सायबरपंक २०७७ खेळताना गाडी शहरात शिरली की चित्र अडकत अडकत चालतं. आणि गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस सांभाळत नाही, एकदा किंचाळतो आणि सगळं बंद. दुसरी तक्रार त्याने जाता जाता सांगितली होती. मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटली. का, ते पुढे येईल.

कॅबिनेटची बाजू उघडली तर कार्डाच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, पांढरट नमदा. धूळ नव्हे, कापसाचे तंतू. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच गंजी लावून ठेवायचा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि या घरात गंजीची खोली नि कॉम्प्युटरची खोली एकच. पंख्याने ओढलेले तंतू पट्ट्यांमध्ये असे बसले होते की चिमट्याने धरून ओढल्यावर अख्खी घडी निघाली, गादीतल्या कापसासारखी दाबलेली. ब्लोअर मारला, कार्ड खोलून चिपवरची उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. आधी तेच कार्ड ८४ अंशांवर जाऊन वेग कमी करत होतं. साफसफाईनंतर त्याच गेममध्ये ७२ च्या आसपास थांबलं. या कामाला शंभर-दोनशे रुपये.

मग रॅम. सायबरपंकच्या २.० आवृत्तीसोबत, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, कंपनीने किमान गरज १२ जीबी रॅम अशी लिहिली आहे. या मशीनमध्ये ८, तीही एकच पट्टी, म्हणजे प्रोसेसरला मेमरीची दोनपैकी एकच वाट मिळते. रायझनच्या त्या पिढीला हे फार जाणवतं. टास्क मॅनेजर उघडून दाखवला तर गेम सुरू व्हायच्या आधीच निम्मी रॅम ब्राउझरने धरलेली. तशीच ८ जीबीची दुसरी पट्टी लावली, सोळाशे रुपये. शहरातलं ते अडकणं बऱ्यापैकी गेलं.

बऱ्यापैकीच, सगळं नाही. त्याच किमान गरजांच्या यादीत ग्राफिक्स कार्ड म्हणून आरएक्स ५८० चंच नाव आहे. म्हणजे हे कार्ड त्या गेमच्या उंबरठ्यावर उभं आहे. साफ केलं म्हणून आत जाणार नाही. शिफारस केलेल्या यादीत आरएक्स ५७०० एक्सटी आहे, बऱ्याच वरचं. तेव्हा कार्डाचा प्रश्न खोटा नव्हता. फक्त दुसरं कार्ड आणलं असतं तर कापूस नि रॅम तशीच राहिली असती आणि दोष नव्या कार्डावर गेला असता.

"दोन बैल जुपात तर?"

इथे नानांनी विचारलं, "दोन बैल जुपात म्हणजे काम दुप्पट व्हस. मंग आठे काबर नही?" म्हणजे, दोन बैल जुंपले की काम दुप्पट होतं, मग इथे का नाही?

प्रश्न अगदी बरोबर होता. बैल दोन असले तरी औत ओढायला जू लागतं, आणि दोघांनी एकाच वेळी पाऊल टाकावं लागतं. ग्राफिक्स कार्डांचं जू एके काळी बाजारात मिळायचं. आता बनत नाही. या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे, पण मुलाला तो पटायला थोडा इतिहास सांगावा लागला.

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डांची जोडी लावता यायची. पडद्यावरच्या आडव्या ओळी एक सोडून एक वाटून घ्यायच्या. एक कार्ड सम ओळी काढतं, दुसरं विषम. सोपी, सरळ वाटणी, नाव एसएलआय. पुढे ती कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडिया या दुसऱ्या कार्ड कंपनीने घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हे नाव नव्या अर्थाने परत आणलं. पुढच्या वर्षी एटीआयने (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) त्याला उत्तर म्हणून क्रॉसफायर काढलं. तोवर गेममधल्या एका चित्राचे दोन तुकडे करणं अवघड झालं होतं, कारण आकाश काढणाऱ्याला काम कमी आणि जमीन काढणाऱ्याला जास्त. म्हणून बहुतेक ठिकाणी दुसरी पद्धत रुजली: पहिलं अख्खं चित्र एका कार्डाने काढायचं, दुसरं दुसऱ्याने, तिसरं परत पहिल्याने.

यात दोन खोडी आहेत. एक मेमरीची. दोन्ही कार्डांना तेच शहर, त्याच भिंती, तेच कपडे काढायचे असतात, म्हणून सगळा माल दोन्हीकडे सारखाच भरून ठेवावा लागतो. ८ अधिक ८ सोळा होत नाहीत, आठच राहतात. "भाऊ, सोळा जीबी होईल ना?" हे वाक्य दुकानात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी हिशेबाची सुरुवातच तिथून करतो.

दुसरी खोड वेळेची. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर चित्राला १६.७ मिलिसेकंद. दोन कार्डं आळीपाळीने काढतात तेव्हा त्यांचा ठेका चुकू शकतो: एक चित्र ८ मिलिसेकंदांनी, पुढचं २५ नी, परत ८, परत २५. सरासरी काढली तर साडेसोळा, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला सेकंदाच्या चित्रांचा आकडा ६० दाखवतो. डोळ्याला मात्र तो २५ चा खड्डा जाणवतो, म्हणजे सेकंदाला ४० चित्रांसारखं. आकडा वाढलाय पण मजा येत नाही असं ज्यांचं होतं, त्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

मुलाने एक जुना दाखला काढला, आणि तो खराच होता. २०१६ च्या कॉम्प्युटेक्स या कॉम्प्युटर प्रदर्शनात एएमडीने दोन आरएक्स ४८० कार्डं लावून एनव्हिडियाच्या एका जीटीएक्स १०८० ला मागे टाकलेलं दाखवलं होतं, तेही कमी पैशांत. आरएक्स ५८० हे त्याच ४८० चं थोडं ताणलेलं रूप. मग आपलं का चालणार नाही?

तो दाखला ज्या गेमवर झाला, त्या ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटीच्या लेखकांनी दोन कार्डांची वाटणी स्वतः लिहिलेली होती. डायरेक्टएक्स १२ (विंडोजमध्ये गेम नि कार्ड यांना जोडणारा दुवा) आल्यापासून ही जबाबदारी ड्रायव्हरकडून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरकडून, गेम बनवणाऱ्यांकडे गेली. आधी एएमडी किंवा एनव्हिडिया प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये जुळणी टाकत. आता ज्याने गेम लिहिला त्यानेच दोन कार्डांना काम वाटून द्यायचं. आणि तो का देईल? दोन कार्डंवाले खेळाडू आधीच मूठभर. मोठे गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स डोळ्यांसमोर ठेवून बनतात, त्यात दुसरं कार्ड असण्याचा प्रश्नच नाही. शिवाय आजकालचे गेम कडा गुळगुळीत करायला, सावल्या स्थिर ठेवायला मागच्या चित्रातली माहिती पुढच्या चित्रात वापरतात. मागचं चित्र शेजारच्या कार्डात पडलेलं असेल तर ते आधी इकडे आणा, तोवर थांबा. आळीपाळीच्या वाटणीचा पायाच त्यामुळे गेला.

कंपन्यांनीही ते ओळखलं. जीटीएक्स १०६० ला २०१६ मध्येच जोडणीचा सांधा दिला नव्हता. आरएक्स ५७०० च्या पिढीपासून, म्हणजे २०१९ पासून, एएमडीने क्रॉसफायर सोडलं. एनव्हिडियाच्या ३० च्या मालिकेत फक्त ३०९० च्या घराण्याला सांधा उरला, ४०९० ला तोही नाही. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय जुळणी टाकणंही एनव्हिडियाने थांबवलं. आणि आरएक्स ५८० चे स्वतःचे ड्रायव्हर २०२३ च्या शेवटापासून फक्त जरुरीपुरत्या दुरुस्त्यांवर आले आहेत. अशा कार्डांच्या जोडीसाठी कोणी नव्याने काही लिहील ही आशाच नको.

बाकावरची चाचणी

सांगून पटत नाही, तर दाखवायचं. दुकानात बदलीत आलेलं एक आरएक्स ५८० पडून होतं. मुलाचा बोर्ड बाकावर घेतला, दुकानातला ७५० वॉटचा एसएमपीएस जोडला आणि दुसरं कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवलं.

बसवतानाच पहिली गोष्ट दिसली. लहान बोर्डावर दोन जाड कार्डांमध्ये बोटभरही फट राहिली नाही. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीवरची हवा ओढणार. बाकावर, उघड्यावर, कूलरच्या खोलीतसुद्धा वरचं कार्ड ८५ अंशांना पोचलं. बंद कॅबिनेटमध्ये, अमळनेरच्या पत्र्याखालच्या खोलीत, पारा ४५ ला टेकलेला असताना काय होईल ते वेगळं सांगायला नको. (कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडण्याची युक्ती बरेच जण करतात. तो ओलावा आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बोर्डावर बसतो. तसे पांढरे पडलेले बोर्ड उन्हाळ्याच्या शेवटी दुरुस्तीला येतातच.)

दुसरी गोष्ट दिसत नाही, मोजावी लागते. बी४५० बोर्डाच्या वरच्या स्लॉटला प्रोसेसरकडून थेट १६ वाटा येतात. खालचा स्लॉट लांबीला तेवढाच दिसतो, पण आत चारच वाटा, त्याही चिपसेटमधून आणि पीसीआय एक्सप्रेस २.० या जुन्या वेगाच्या. वर सेकंदाला सुमारे १६ जीबी, खाली सुमारे २. आरएक्स ५८० ला वेगळा पूल नसतो, दोन कार्डांची सगळी देवाणघेवाण याच वाटेने होते. एनव्हिडिया चार वाटांवर एसएलआय चालूच करू देत नसे. एएमडी करू देतं, एवढाच फरक.

जीटीए ५ लावला. कॉम्प्युटरवर २०१५ मध्ये आलेला गेम, डायरेक्टएक्स ११, ड्रायव्हरमध्ये जुळणी आहे, म्हणजे क्रॉसफायरच्या बाजूने सगळ्यात अनुकूल खेळपट्टी. सेकंदाला चित्रांची सरासरी सुमारे एक तृतीयांशाने वाढली. मुलाचा चेहरा खुलला. मग त्याला दर चित्राला लागणाऱ्या वेळेचा आलेख दाखवला: एका कार्डावर जवळजवळ सपाट असलेली रेघ दोन कार्डांवर करवतीच्या दात्यांसारखी. गेम पूर्ण पडद्यावरून खिडकीत घेतला तर ती वाढही नाहीशी, कारण क्रॉसफायर खिडकीतल्या गेमला लागू होत नाही.

नंतर सायबरपंक, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. खालचं कार्ड शून्य टक्के. पंखासुद्धा फिरत नव्हता; तापमान कमी असलं की तो थांबतो. नानांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "हाई काबर बंद शे?" मी म्हटलं, नाना, बंद नाही, त्याला कोणी काम सांगितलेलं नाही. एल्डन रिंगमध्ये तेच. व्हॅलोरंटमध्ये तर पहिल्याच कार्डाला पुरेसं काम नव्हतं, तिथे प्रोसेसर आधी दमतो.

मुलाने शेवटचा मुद्दा मांडला: गेम नाही तर नाही, ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे अंतिम चित्र काढणं, तरी दुप्पट वेगाने होईल. तिथे दोन कार्डांची जोडी खरोखर चालते, कारण चित्राचे तुकडे एकमेकांची वाट न पाहता काढता येतात. पण ब्लेंडरने २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या ३.० आवृत्तीत ओपनसीएल, म्हणजे अशा कार्डांकडून काम करून घेण्याची सोय, काढून टाकलं. एएमडीच्या कार्डांसाठी त्याजागी जे आलं त्यात आरएक्स ५८० ची पिढीच नाही. तिथे एक काय नि दोन काय.

यूपीएसचा हिशेब

आता दुसऱ्या तक्रारीकडे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. डब्यावरचा मोठा आकडा व्हीएचा असतो, वॉटचा नव्हे. आरएक्स ५८० चं कार्ड १८५ वॉट, प्रोसेसर भरात असताना ८० च्या आसपास, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०. झाले ३१५. एसएमपीएस भिंतीतून ओढतो ते सगळं आत पोचत नाही, १५ टक्के वाटेत उष्णता होऊन जातं. म्हणून भिंतीवर ३७०. वर मॉनिटरचे २५. एकूण ३९५. म्हणजे एकाच कार्डावर यूपीएस आधीच ओझ्याखाली होता. लाईट असताना काही कळत नाही, कारण तेव्हा वीज सरळ निघून जाते. लाईट गेली की सगळा भार त्याच्या अंगावर, आणि तो हात टेकतो. यूपीएसमध्ये बिघाड नव्हता. मुलगा बॅटरी बदलून घेणार होता, ते पैसे वाचले.

दोन कार्डं लावली तर आत ५००, भिंतीवर सुमारे ५९०. ५५० वॉटच्या एसएमपीएसवर कागदोपत्री भागतं, पण कार्डं क्षणभर त्याहून बरंच जास्त ओढतात आणि तेवढ्या क्षणात मशीन बंद पडतं. म्हणजे ७५० वॉटचा एसएमपीएस, साडेसहा हजार. ११०० व्हीएचा यूपीएस, साडेपाच-सहा हजार. कॅबिनेटला दोन-तीन पंखे, हजार. कार्डाचे साडेपाच. बेरीज साडेअठरा ते एकोणीस हजार. साडेपाच हजारांत सुटणारं प्रकरण इतक्यावर गेलं, आणि बदल्यात एका जुन्या गेममध्ये करवतीच्या दात्यांसारखी वाढ.

सुरतेच्या कार्डाचे फोटो मी मागवून घेतले होते. आपल्याकडच्या किती घरांतलं कोणी ना कोणी सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आहे, त्यामुळे तिकडचा माल जळगावात येणं नवीन नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने खाणकाम, म्हणजे कार्डांवर हिशेब चालवून चलन मिळवणं, बंद केल्यापासून अशी कार्डं ढिगाने बाहेर पडली. फोटोत स्टिकर आरएक्स ५८० चं, पण कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडच्या पडद्यावर शेडर (चित्र काढणारे कार्डातले लहान भाग) २०४८. खऱ्या ५८० ला २३०४ असतात. २०४८ वालं हे नावाने ५८०, पोटात ५७०. विकणारा फसवत होता असं नाही; कंपनीनेच त्याच नावाने ते काढलं होतं. पण घेणाऱ्याने हा एक आकडा बघितलाच पाहिजे. नंतर बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बदललेला आहे का, पंखे डगमगतात का, हे सगळं कार्ड हातात आल्यावर.

एकच, पण कोणतं

त्या वेळच्या बाजारात आमच्यासमोर चार नावं होती. आरएक्स ६५०० एक्सटी सगळ्यात स्वस्त, आणि या मशीनसाठी सगळ्यात वाईट. मेमरी ४ जीबी, बोर्डाशी बोलायला चारच वाटा. नव्या बोर्डावर निभतं, बी४५० सारख्या पीसीआय ३.० च्या बोर्डावर गुदमरतं. नवं कोरं घेऊन काही गेममध्ये जुन्या ५८० च्या मागे पडायचं, हा सौदा कोणी करू नये.

आरटीएक्स ३०६०, मेमरी १२ जीबी, चांगलं कार्ड. पण १७० वॉट. वरचाच हिशेब परत मांडला तर यूपीएसवर ३८० च्या जवळ जातं, म्हणजे लाईट गेली की पुन्हा तेच. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉटचं, या मशीनला झकास, पण किंमत बजेटच्या बाहेर. उरलं आरएक्स ६६००. ८ जीबी, १३२ वॉट, एकच आठ पिनांची जोडणी. आत २६२, भिंतीवर ३०८, मॉनिटर धरून ३३३. यूपीएसच्या ३६० मध्ये बसतं, आधीच्या कार्डापेक्षा कमी ओढतं आणि वेगाला ५८० च्या दीडपटीहून जास्त. दोन ५८० कार्डांनी सगळं मनासारखं जुळवून आणलं तरी फार तर इथपर्यंत पोचतात, ३७० वॉट जाळून.

याहून मोठं कार्ड का नको, हेही मुलाने विचारलं. रायझन २६०० मुळे. प्रोसेसर चित्राची तयारी करून देतो तेव्हा कार्ड ते काढतं. तयारीच सावकाश असेल तर महागडं कार्ड हातावर हात ठेवून बसतं. पुढे पैसे आले तर याच बोर्डावर बायोस बदलून रायझन ५६०० बसतो. ती वाट मोकळी ठेवायची असेल तर आज कार्डात सगळा पैसा ओतू नये.

विजेचा फरकही नानांना सांगितला. दोन कार्डं आणि एक कार्ड यांच्यात भिंतीवर २८० वॉटचा फरक. रोज चार तास खेळलं तर दिवसाला एक युनिटच्या वर, महिन्याला तेहतीस-चौतीस युनिट. बिलाचा टप्पा ओलांडला जातो तो अशाच युनिटांनी.

नानांचा हिशेब वेगळ्या मापात चालला होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये. "म्हणजे तीन क्विंटल," ते म्हणाले. मग मुलाकडे बघून, "आनि ते दोनवालं?" मुलगा म्हणाला, पावणेतीन. नानांनी मान हलवली आणि पिशवीतून पैसे काढले. मला वाटतं आलेख, वाटा, मिलिसेकंद यांपेक्षा तो पाव क्विंटलचा फरकच निर्णायक ठरला. वॉरंटी तीन वर्षांची, बिलासकट, हा भाग मी न विचारता सांगितला. जुन्या खाणीतल्या कार्डाला ती कोण देणार?

नंतर

आरएक्स ६६०० बसवून दिलं. जुने ड्रायव्हर साफ करून नवे टाकले, नाहीतर दोन पिढ्यांची भांडणं लागतात. सायबरपंक मध्यम ते उंच सेटिंगवर, एफएसआर (लहान चित्र काढून मोठं करण्याची एएमडीची युक्ती) लावून, सेकंदाला साठ चित्रांच्या आसपास चालायला लागला. मुलाचा महिन्याभराने निरोप आला की लाईट गेली तरी आता गेम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. कापसाची गंजी हलली नाही, पण कॅबिनेट टेबलावर चढलं आणि पुढच्या जाळीला गाळणी लागली.

जुनं ५८० त्याने विकलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला फोन आला: लॉसलेस स्केलिंग या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, त्यात दुसऱ्या कार्डावर मधली चित्रं तयार करता येतात, मग आता ५८० खालच्या स्लॉटमध्ये लावू का?

हा प्रश्न पहिल्यापेक्षा वेगळा आहे, आणि याचं उत्तर सरसकट नाही असं नाही. इथे आळीपाळीची वाटणी नसते. गेम पूर्णपणे पहिल्या कार्डावर चालतो, तयार चित्र दुसऱ्याकडे जातं, आणि दुसरं दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनावट चित्र घालतं. मॉनिटरची वायर दुसऱ्या कार्डाला लावायची. गेम लिहिणाऱ्याची परवानगी लागत नाही. फुल एचडीचं एक चित्र सुमारे ८.३ एमबी, सेकंदाला ६० म्हणजे अर्धा जीबी. खालच्या स्लॉटच्या २ जीबीच्या वाटेने ते आरामात जातं. तांत्रिक अडचण नाही.

पण त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. ६० खरी चित्रं तो आधीच बघतोय. दुपटीने १२० केली तरी पडदा ७५ च दाखवणार. बनावट चित्रामुळे माऊसचं उत्तर किंचित उशिरा येतं, तो तोटा मात्र पूर्ण मिळणार. आणि १३२ मध्ये परत १८५ मिळवले की यूपीएस पुन्हा तिथेच येतो. त्याला म्हटलं, आधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर घे, मग बघू. त्यावर त्याने विचारलं की मॉनिटर किती वॉट ओढतो. चोवीस इंचांचा साधारण पंचवीस-तीस, मी सांगितलं, आणि फोनवर तो बेरीज करताना ऐकू येत होता.